उभ्या गाडीतली वीजगळती

मोटारीचे इंजिन बंद केले, किल्ली काढून घेतली आणि दारे लॉक केली, तरी तिच्यातील विजेचा व्यवहार पूर्णपणे थांबत नाही. डॅशबोर्डवरचे घड्याळ चालू असते, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा जागी असते, रिमोट किल्लीचा संकेत टिपणारा भाग त्या संकेताची वाट पाहत असतो आणि इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आपली स्मृती टिकवण्यासाठी थोडासा प्रवाह लागतोच. धडधाकट गाडीत ही सगळी मागणी मिळून साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पन्नासावा ते विसावा भाग, एवढीच भरते. या मर्यादेपलीकडे जो प्रवाह उभ्या गाडीतून मालकाच्या नकळत अहोरात्र वाहत राहतो, त्याला परजीवी प्रवाह म्हणतात. गॅरेजमधला वायरमन त्यालाच ‘करंट लिक होतोय’ असे म्हणतो, तर मालकाला कळते ते एवढेच, की बॅटरी उतरली.

ही तक्रार सगळीकडची असली, तरी रायगडच्या किनाऱ्यावर तिला पोषक अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. रेवस-मांडव्यापासून किहीम, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड आणि राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशा पसरलेल्या या पट्ट्यात मुंबईकरांची सुट्टीची घरे मोठ्या संख्येने आहेत, आणि अशा घरांपाशी ठेवलेली गाडी बहुधा जुनी, सेकंड हँड घेतलेली आणि आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच चालणारी असते. मालक गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरतो, किंवा मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या रो-रो बोटीने येतो, आणि परत जाताना गाडी इथेच सोडून जातो. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी लाँच बंद झाल्या की तीच गाडी कित्येकदा महिना-दोन महिने जागची हलत नाही. स्थानिक गाड्यांचे दुखणे थोडे वेगळे आहे. त्या रोज चालतात खऱ्या, परंतु आक्षी-नागावहून अलिबागच्या बाजारापर्यंतच्या चार-सहा किलोमीटरच्या फेरीत सेल्फ मारताना खर्च झालेली वीजच जेमतेम भरून निघते, आणि रात्रभरात झालेली गळती भरून काढायला काहीच उरत नाही.

गळतीचा हिशेब फारसा अवघड नाही, आणि तो एकदा मांडून पाहिला की पुढचे सगळे उलगडते. लहान हॅचबॅक गाडीत सामान्यतः ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला असता खर्च होणारी वीज. उभी गाडी ४० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास खर्च होतो. याचा अर्थ असा, की कोणताही बिघाड नसलेली गाडीसुद्धा पंधरा-वीस दिवस उभी राहिली तर तिची निम्मी बॅटरी रिकामी होते, आणि संपूर्ण पावसाळा ती तग धरेल ही अपेक्षाच चुकीची ठरते. आता डिक्कीतला पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही विझत नाही असे समजू. बारा व्होल्टवर तो ४०० मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. रविवारी संध्याकाळी लावून ठेवलेल्या गाडीची बॅटरी मंगळवारी दुपारपर्यंत निम्म्यावर येते आणि गुरुवारी सकाळी रिकामी होते. शनिवारी मालक येतो तेव्हा सेल्फ नुसता टकटक करतो. हा दिवा इतका क्षुल्लक, की त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही, आणि म्हणून आधी बॅटरीला दोष दिला जातो.

बॅटरीला दोष देणे सोपे जाते, कारण काही महिन्यांनी ती खरोखरच सदोष झालेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते याने १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे मूळ तत्त्व आजही बदललेले नाही. शिशाच्या आणि शिसे-डायॉक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात, आणि वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचा थर जमतो. लगेच चार्जिंग मिळाले तर हा थर पुन्हा विरघळतो. परंतु बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन त्यांचे मोठे आणि कठीण स्फटिक बनतात, ते चार्जिंगने सहजासहजी मोडत नाहीत, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उष्णतेत ही हानी वेगाने होते. थोडक्यात, गळती बॅटरीला आधी उपाशी ठेवते आणि मग मारते. दुकानात तपासणी केल्यावर ‘बॅटरी गेली’ असा निकाल येतो आणि तो खोटाही नसतो. मात्र ती कशामुळे गेली हे कोणी विचारत नाही. नवी बॅटरी बसते, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होते, सगळे समाधानी होतात, आणि मूळ गळती नव्या बॅटरीच्या पट्ट्यांवर तेच काम नव्याने सुरू करते. नवी बॅटरी घालणे ही दुरुस्ती नव्हे; दोन वर्षांत तीन बॅटऱ्या खाणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर ती निव्वळ पैशांची आणि शिशाची नासाडी आहे. शिसे हा विषारी धातू आहे, त्यामुळे जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडेच परत दिली पाहिजे, हेही इथे सांगायला हवे.

किनाऱ्यावरच्या हवेचा यात मोठा वाटा आहे. फुटणाऱ्या लाटांतून उडणारे क्षारांचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि झावळ्यांच्या, पत्र्याच्या किंवा उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीच्या बोनेटखाली, वायरींच्या जोडण्यांवर आणि बॅटरीच्या माथ्यावर बसतात. मिठाचा एक गुणधर्म इथे निर्णायक ठरतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते, आणि खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून अधिकच राहते. त्यामुळे उन्हाळ्यात निरुपद्रवी असलेली धूळ जूनमध्ये ओलसर वाहक थर बनते, जोडणीच्या पेटीतील दोन शेजारच्या पिनांमध्ये प्रवाहाला आडवाट मिळते, तांब्यावर हिरवा गंज चढतो, आणि रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय खटका, आतून गंजून चालू अवस्थेतच अडकून बसतो. यातली सर्वांत त्रासदायक गोष्ट ही, की हा दोष हवामानाप्रमाणे येतो आणि जातो. दमट रात्री गळणारी गाडी दुसऱ्या दिवशी कोरड्या दुपारी गॅरेजमध्ये नेली, वाटेत इंजिनाच्या उष्णतेने सगळे वाळले, आणि मीटरवर काहीच सापडले नाही, की वायरमन प्रामाणिकपणे ‘गाडीत काही नाही’ असे सांगतो. अशा गाडीची मोजणी ती जिथे उभी असते तिथेच आणि शक्यतो पहाटे करणे हाच खरा मार्ग आहे.

भरकटलेल्या विजेचा छडा लावण्याच्या कामाशी अलिबागचे जुने नातेही आहे, आणि ते इथे सांगण्याजोगे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत असे. शहरातील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा रुळांतून परतणाऱ्या आणि काही अंशी जमिनीत शिरणाऱ्या प्रवाहामुळे ही नाजूक मोजणी बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखले. १९०४ मध्ये अलिबागला अचुंबकीय साहित्याने बांधलेली नवी वेधशाळा सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन त्यांचा मेळ बसवण्यात आला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. मोटारीची रचनाही या बाबतीत ट्रामसारखीच असते, कारण बॅटरीच्या धन टोकाकडून वायरीने गेलेला प्रवाह दिव्यातून किंवा मोटरमधून जाऊन गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण टोकाकडे परततो, आणि यालाच गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. म्हणूनच धन बाजूची कोणतीही वायर सोलली गेली आणि ओल्या सांगाड्याला टेकली, की परतीची वाट तयारच असते. मूस यांच्या पद्धतीतून घेण्यासारखी गोष्टही साधीच आहे: आधी मोजणी, मग निष्कर्ष.

गळती शोधण्याआधी ती खरोखर गळतीच आहे ना, हे पाहावे लागते. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर चार्ज करून काही तास विसावा दिलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून किंचित अधिक दाब दिसतो, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरीची दोन्ही टोके सोडवून ती तशीच दोन-तीन दिवस बाजूला ठेवली आणि तरीही तिचा दाब उतरला, तर दोष बॅटरीच्या आत आहे, गाडीत नाही. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत. ते येत नसतील, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, ज्याला जुने मेकॅनिक अजूनही डायनॅमो म्हणतात, ते बॅटरी भरतच नाही. कित्येकदा अल्टरनेटर ठणठणीत असतो, परंतु इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलेली असते. ही गळती नव्हे, पण लक्षण तेच, त्यामुळे पट्टीच्या दोन्ही टोकांचा गंज घासून काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

बॅटरीचा माथाही याच टप्प्यावर पाहावा. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची काळी टोकणी ऋण टर्मिनलवर आणि लाल टोकणी प्लॅस्टिकच्या झाकणावर नुसती टेकवून फिरवली असता, आकडा दिसू लागला तर त्या ओलसर मळातून प्रवाह वाहत आहे असे समजावे. ही गळती बहुधा अल्प असते, परंतु तिची एक खोड आहे. ती बॅटरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे परस्परच जाते, गाडीच्या केबलमधून जात नाही, म्हणून पुढे वर्णन केलेल्या मोजणीत ती कधीच पकडली जात नाही. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून, झाकणाच्या बुचांतून ते पाणी आत जाऊ न देता, माथा पुसून काढला, कोरडा केला आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली चोपडली, की हे प्रकरण मिटते.

मुख्य मोजणी प्रवाहाची. बॅटरीभोवती हायड्रोजन साचू शकतो आणि एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे जागा मोकळी हवी, हातातील अंगठी व कडे काढलेले हवे, आणि केबल नेहमी ऋण बाजूचीच सोडवायला हवी, कारण धन बाजूला पाना फिरवताना तो सांगाड्याला लागला तर थेट शॉर्ट सर्किट होते. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालून मीटर ऋण टर्मिनल आणि सोडवलेली केबल यांच्यामध्ये जोडला, की उभ्या गाडीत वाहणारा प्रत्येक मिलिअँपिअर मीटरमधूनच जाऊ लागतो. जाणकार वायरमन केबल एकदम उचलत नाही. तो मीटरची एक टोकणी टर्मिनलवर आणि दुसरी केबलच्या पकडीवर आधी दाबून धरतो आणि मग पकड हळूच वर सरकवतो, म्हणजे गाडीचा वीजपुरवठा क्षणभरही तुटत नाही, संगणक पुन्हा सुरू होत नाहीत आणि एखादा अडकलेला रिले नकळत सुटून पुरावा नाहीसा होत नाही. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारणे, हेडलाइट लावणे किंवा काचा वर-खाली करणे कटाक्षाने टाळावे. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज, कधी मीटरच, तत्क्षणी जळतो.

या मोजणीत बहुतेकांची चूक होते ती घाईमुळे. मारुती ८०० सारख्या जुन्या, साध्या गाडीत किल्ली काढताच आकडा खाली येतो, परंतु अलीकडच्या पंधरा वर्षांतील बहुतेक गाड्यांत अनेक छोटे संगणक एकमेकांशी बोलत असतात, आणि दार बंद झाल्यावर ते एकेक करून झोपी जायला वीस मिनिटांपासून कधी कधी तासभरही घेतात. या काळात मीटर अर्धा किंवा एक अँपिअर दाखवतो आणि तो निर्दोष असतो. म्हणून बोनेट उघडे ठेवून, दाराचे लॉक स्क्रूड्रायव्हरने आतल्या आत बसवून गाडीला दार बंद असल्याचे भासवावे, बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट घरात दूर नेऊन ठेवावा, आणि मग आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. शेवटी तो ३०-४० मिलिअँपिअरवर टेकला, तर गाडी निर्दोष आहे. तो तीनशे-चारशेवर अडून बसला, तर गळती सिद्ध झाली. जुने वायरमन मीटरऐवजी त्याच जागी लहान बल्ब लावून तो पेटतो का ते पाहतात. ती पद्धत मोठी गळती दाखवते, पण शंभराच्या आतबाहेरच्या गळतीला बल्बची तारही लाल होत नाही, आणि किनाऱ्यावर आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढी गळती पुरेशी घातक असते. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर केबलभोवती नुसता अडकवला तरी काम भागते, मात्र घरगुती वायरिंग करणाऱ्यांकडचे अनेक क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात आणि गाडीवर ते शून्यच दाखवतात.

गळती कोणत्या सर्किटवर आहे हे फ्यूज सांगतो. मीटरकडे पाहत एकेक फ्यूज काढावा, आणि ज्याच्या काढण्याने आकडा धाडकन खाली येतो ते सर्किट संशयित धरावे, ही परंपरागत रीत. नव्या गाड्यांत तिचा तोटा असा, की फ्यूज परत बसवताना झोपलेले संगणक जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास वाट पाहावी लागते. त्यापेक्षा चांगली रीत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावर असलेल्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर मीटरच्या टोकण्या ठेवून मिलिव्होल्ट मोजणे. दहा अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो. त्यातून ४०० मिलिअँपिअर वाहत असतील तर ओहमच्या नियमाने जवळजवळ तीन मिलिव्होल्ट दिसतात, आणि प्रवाह नसेल तर शून्य. पाच-दहा मिनिटांत सगळी पेटी तपासून होते आणि गाडीच्या झोपेत व्यत्यय येत नाही. एअरबॅगच्या फ्यूजला आणि पिवळ्या वेष्टनातील वायरींना मात्र हौशी हाताने स्पर्श करू नये, तसेच हायब्रिड गाडीतील नारिंगी केबलच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

सर्किट कळले की गुन्हेगार शोधायचा, आणि सेकंड हँड गाडीत तो बहुतेक वेळा कारखान्याने बसवलेलाच नसतो. पहिला संशय म्युझिक सिस्टिमवर घ्यावा. बाजारातून घेतलेल्या सेटला सर्वसाधारणपणे पिवळी वायर कायम पुरवठ्याची, लाल किल्लीवरची आणि काळी अर्थिंगची असते. घाईत काम उरकणारा कारागीर पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायम पुरवठ्याला जोडतो, गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि सेट किल्ली काढल्यावरही कायम अर्धजागा राहतो. सेट बाहेर ओढून पाहिला की एकत्र पिळलेल्या या दोन वायरी आणि त्यांवरची उन्हाने चिकट झालेली इन्सुलेशन टेप लगेच दिसते. डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, जादा फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, नंतर बसवलेले सेंट्रल लॉकिंग यांचीही तीच कथा असते.

किनाऱ्यावरच्या पर्यटन गावांत आणखी एक प्रकार पाहावा लागतो. टुरिस्ट टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्या पुढे पिवळी पाटी उतरवून खासगी म्हणून विकल्या जातात. केंद्र सरकारच्या नियमाने १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान सांगणारा ट्रॅकर आणि धोक्याचे बटण आवश्यक केले आहे, शिवाय कर्ज देणारे किंवा ताफ्याचे मालक आपापला वेगळा ट्रॅकरही बसवतात. गाडी विकली जाते, ट्रॅकर डॅशबोर्डच्या पोटात तसाच राहतो, आणि ज्याला आता कोणीच विचारत नाही अशा सर्व्हरशी बोलण्यासाठी रात्रंदिवस वीज घेत राहतो. रेवदंड्याच्या खाडीकाठी किंवा मुरूडच्या डोंगराआड मोबाइलची रेंज क्षीण असेल, तर असे यंत्र संपर्कासाठी अधिकच धडपडते. फ्यूजपेटीच्या मागे किंवा स्टिअरिंगखाली हात घातल्यावर सापडणारी, बाहेरून आलेल्या पातळ वायरींची काळी डबी ही बहुधा हीच असते.

कारखान्याच्या भागांपैकी दाराचा स्विच किनाऱ्यावर सर्वाधिक सतावतो. अनेक गाड्यांत तो दाराच्या चौकटीत बसवलेली, रबरी टोपीची एक खुंटी असतो. दार लावले की खुंटी दाबली जाऊन आतला संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. टोपी फाटून आत खारे पाणी शिरले, की खुंटी पूर्ण दाबली जात नाही किंवा आतल्या गंजातूनच प्रवाह सांगाड्याकडे झिरपतो, दिवा मंद पेटत राहतो आणि दिवसाच्या उजेडात तो दिसतही नाही. डिक्कीचा आणि डॅशबोर्डच्या कप्प्याचा दिवा तर बंद झाकणाआडच असतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवावा, झाकण लावावे, आणि नंतर पाहावे की चित्रण काळोखाचे आहे की उजेडाचे. सगळे फ्यूज पाहूनही गळती सापडली नाही, तर अल्टरनेटरकडे वळावे, कारण त्याची जाड वायर बॅटरीला जवळजवळ थेट जोडलेली असते. त्याच्यातील डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे अर्धवाहक, गळके झाले की बॅटरीचा प्रवाह उलटा आत शिरतो. इंजिन थंड होऊन कित्येक तास झाले तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागणे ही त्याची खूण. बॅटरीची केबल काढून मगच ती जाड वायर सोडवावी, तिचे टोक सांगाड्याला लागणार नाही असे गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट मात्र निराळी आणि अधिक दुःखाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीचे पाणी महाड शहरात शिरले तेव्हा असंख्य वाहने चिखलात गेली, आणि त्याआधी २६ जुलै २००५ च्या पावसानेही हेच केले होते. अशी गाडी धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून बाजारात आली, तर गालिच्याखालून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात अडकलेला गाळ वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो आणि गळती आज एका जोडणीत, तर पुढच्या महिन्यात दुसरीत उद्भवते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाकडे चिखलाची रेघ आहे का, स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ आहे का, सीटच्या नटबोल्टांवर गंज आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. या खुणा दिसल्या तर गळतीचा शोध घेण्याऐवजी ती गाडी न घेणे हाच शहाणपणा, कारण तिची एक गळती बंद केली तरी पुढची वाटेवरच असते.

निर्दोष गाडीही महिनाभर उभी राहायची असेल, तर ऋण केबल सोडून ठेवणे किंवा त्या टर्मिनलवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवणे हा योग्य उपाय आहे. घड्याळ पुन्हा लावावे लागते, काही गाड्यांत काचांची स्वयंचलित हालचाल पुन्हा शिकवावी लागते, चोरीचा इशाराही बंद राहतो, पण बॅटरी वाचते. परंतु हाच स्विच गळक्या गाडीला बसवून प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे, कारण सोललेली वायर जिथे सांगाड्याला घासते तिथे ती गाडी चालू असताना तापतही असते, आणि तिच्यावर योग्य क्षमतेचा फ्यूज नसेल तर प्रकरण आगीपर्यंत जाऊ शकते.

सेकंड हँड गाडी घेणारा माणूस टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, कागद तपासतो. उभ्या गाडीचा प्रवाह मात्र जवळजवळ कोणीच मोजून मागत नाही. बयाणा देण्यापूर्वी एक तास आणि एक मल्टिमीटर एवढाच यासाठी लागणारा खर्च आहे, आणि विकणारा प्रामाणिक असेल तर त्याची हरकत असण्याचे कारण नाही. गाडी झोपल्यानंतरचा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर व्यवहार पुढे न्यावा, आणि नसेल तर गळती सापडून ती बंद झाल्याचे पुन्हा मोजून दाखवेपर्यंत पैसे हातचे सोडू नयेत.